स्कोअरबुकातला माणूस

पुणे, रविवार

प्रिय बाळ्या,

फोन उचलला नाही म्हणून चिडू नकोस. दोन आठवडे एका इंग्रज बॉलरच्या नादी लागलोय. मॉन्टेग्यू ड्रुइट. जन्म 1857, डॉर्सेटमधल्या विम्बोर्नचा, बाप सर्जन. शिक्षण विंचेस्टर आणि ऑक्सफर्डला. बॅरिस्टरीची सनद मिळवली, तरी लंडनच्या ब्लॅकहीथमधल्या एका वसतिशाळेतली मास्तरकी सोडली नाही. जीव मात्र क्रिकेटमध्ये. ब्लॅकहीथ क्लबाचा सेक्रेटरीही तोच, खजिनदारही तोच. मोठा खेळाडू वगैरे मुळीच नाही, आपल्या क्लबात असतात तसला एक. पण 1886 मध्ये त्याने लॉर्ड हॅरिसची दांडी उडवली, 14 वर. हो, तोच हॅरिस, पुढे 1890 ला मुंबईचा गव्हर्नर झालेला!

आणि हे ऐक. ऑगस्ट 1888, आपले पारशी विलायतेच्या दौऱ्यावर. बोर्नमथकडून हा त्यांच्याविरुद्ध उतरला आणि पहिल्या डावात पाच विकेटा काढल्या पठ्ठ्याने. मॅच पारशांनीच मारली, ते सोड.

पुढचं वाचवत नाही. आई त्याच जुलैत वेड्यांच्या इस्पितळात गेलेली. नोव्हेंबरअखेर शाळेने याला काढलं. डिसेंबरात क्लबाने ‘परदेशी गेला’ असं लिहून पद काढून घेतलं, आणि 31 तारखेला त्याचा देह थेम्समध्ये सापडला. वय अवघं 31.

1894 मध्ये स्कॉटलंड यार्डच्या मॅकनॉटनने एका टिपणात जॅक द रिपरच्या, म्हणजे 1888 मध्ये लंडनात बायकांचे खून पाडून कधीच न सापडलेल्या त्या खुन्याच्या, संशयितांत याचं नाव घातलं. काय म्हणून? डॉक्टर म्हणून! त्या टिपणाच्या एका मसुद्यात वय 41. ना धंदा बरोबर, ना वय.

आता स्कोअरबुक बघ. 8 सप्टेंबर 1888, पहाटे पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये अ‍ॅनी चॅपमनचा खून, रिपरच्या खुनांपैकीच एक. त्याच दिवशी ब्लॅकहीथच्या मैदानावर ड्रुइट क्रिस्टोफरसन बंधूंच्या संघाशी खेळतोय. (दहा भाऊ होते, बापाला धरून अकरा भरत!) स्टॅन्ली क्रिस्टोफरसनने त्याचा त्रिफळा उडवला. आता पहाटे खून करून सकाळी मैदानावर पोचता येतच नाही, असं नाही. लंडनात आगगाड्या होत्या. पण त्या मॅकनॉटनपेक्षा ब्लॅकहीथच्या कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसलेल्या स्कोअररवर माझा भरवसा जास्त.

म्हणून म्हणतो, माळ्यावरच्या तुझ्या वह्या रद्दीत घालू नकोस. शनिवारी येतो न्यायला. त्या पावसाळी मॅचचं पानही बघायचंय. माझ्या दोन रन होत्या बाळ्या, तू एकच मांडलीस.

तुझा,
विनू