मावशी, दहाव्या वचनासाठी आभार

सातारा

प्रिय मावशींना सलाम,

ऑक्टोबरात पप्पांना जाऊन वर्ष होईल. मंडळीतल्या सगळ्यांनी वाचावं, म्हणून हे पत्र उघडच लिहितोय.

मिरजेच्या डॉक्टरांनी पप्पांना घरी न्यायला सांगितलं, तेव्हा आमच्या हाताशी बायबलातलं एकच वचन होतं: यिर्मया २९:११. हिताचे संकल्प. खाटेजवळच्या भिंतीवर, फ्रिजवर, मोबाईलवर, मी ते सगळीकडे लावलं होतं. प्रार्थनेला आलेल्या एका पाहुण्या प्रचारकांनी तर 'नाताळाला हे स्वतःच्या पायांनी चर्चला येतील' असं सांगूनच टाकलं. पप्पा गेल्यावर त्यांनीच आईला विचारलं, "विश्वासात कुठं कमी पडलात?"

मी चर्चला यायचं सोडलं. तुम्ही मला बोलवायला आला नाहीत, डबा घेऊन आलात. दर गुरुवारी, पोवई नाक्यावरून चालत. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी म्हणालात, "अकरावं पाठ आहे तुझं. दहावं वाचलंस का?"

दहाव्यात सत्तर वर्षं आहेत: परत आणीन, पण सत्तर वर्षांनी. बाबेलला धरून नेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलेलं ते पत्र. ऐकणाऱ्यांतले बरेचसे परत घर बघणारच नव्हते. मग तुम्ही मला एक अध्याय मागं नेलंत. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. त्यावर यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन! परमेश्वर असंच करो.

"त्यालाही तेच हवं होतं रे," तुम्ही म्हणालात. "हवं असणं पाप नाही. पण आपल्याला हवं ते देवाच्या तोंडी घालू नये."

मातीच्या दिवशी न आलेलं रडू मला तेव्हा आलं.

तरी मी कुरकुरलोच, की देवाचं काम करणाऱ्यांचं तरी कुठं पुरं होतं? तुम्ही लगेच टिळक काढलेत. १९१७ मध्ये याच साताऱ्यात ख्रिस्ती कवी नारायण वामनांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली, आणि १९१९ मध्ये ते गेलेसुद्धा. (तुमच्याकडं प्रत्येक दुखण्यावर टिळक असतातच!)

प्रचारकांवरचा राग अजून गेलेला नाही. तो सोड, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याचेही आभार.

त्याच पत्रात पाचव्या वचनात मळे लावायला सांगितलंय. आमचं परस केवढंसं, पण पावसाच्या तोंडाला आईनं घोसाळ्याचा वेल लावला. तुमचा डबा परत पाठवतोय. रिकामा कसा पाठवायचा? चार घोसाळी आहेत. एक मावलं नाही, ते पिशवीत आहे.

तुमचा,
बारक्या