सहा मिनिटं मागे पडलेलं घड्याळ

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणावरचा आपला रविवारचा अग्रलेख वाचला. सत्तावीस देशांची मोट, एकमताशिवाय पान हलत नाही, एकाने खोडा घातला की सगळं ठप्प, हे आपण लिहिलंत ते कोणी नाकारणार नाही. 'युरोपला फोन करायचा तर कोणाला करायचा' हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावावरचं वाक्यही आपण हौसेने वापरलंत. (आपण ते म्हटल्याची खात्री नाही, असं खुद्द किसिंजर यांनीच २०१२ मध्ये सांगितलं होतं. असो.) माझी हरकत निष्कर्षाला आहे. अशांत प्रदेशांच्या बाबतीत युरोप निवेदनं काढण्यापलीकडे काही करू शकत नाही, असं आपण म्हणता. माझ्या मते युरोप बरंच काही करू शकतो. कबूल केलेलं द्यायची वेळ आली की मात्र त्याचा हात आखडतो, आणि खरं दुखणं तिथे आहे.

मी काही परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक नाही. उभी हयात वीजखात्यात, त्यातली बरीचशी लोड डिस्पॅचच्या (विजेची मागणी आणि पुरवठा जुळवण्याच्या) पाळ्यांमध्ये, फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांच्या काट्याकडे डोळे लावून गेली. युरोपची मुत्सद्देगिरी मला समजली ती मुलीच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमुळे.

२०१८ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे, स्टुटगार्टजवळ, राहायला होतो. सकाळी नातवाला बालवाडीत सोडायचं काम माझ्याकडे. निघताना वेळ बघायची ती ओव्हनवरच्या हिरव्या आकड्यांत. फेब्रुवारीच्या शेवटी एका आठवड्यात दोनदा एस-बान (तिथली लोकल गाडी) डोळ्यांसमोरून गेली. बाबांचं हल्ली लक्ष नसतं, असं मुलीने आईला हळूच सांगितलेलं मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी मोबाइल ओव्हनशेजारी धरला. मोबाइलवर ७:४१, ओव्हनवर ७:३६. घड्याळ दुरुस्त करून टाकायला मुलगी निघाली होती. मी म्हटलं, हात लावू नकोस, मला बघू दे.

असं घड्याळ भिंतीतल्या विजेच्या आवर्तनांवर चालतं. पन्नास आवर्तनं मोजली की एक सेकंद पुढे. मागणीला वीज कमी पडून फ्रिक्वेन्सी पन्नासच्या किंचित खाली राहिली की घड्याळ किंचित मागे. ६ मार्चला युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या 'एन्टसो-ई' या संघटनेने जाहीर केलं की जानेवारीच्या मध्यापासून युरोप खंडाच्या ग्रिडची (जोडलेल्या वीजजाळ्याची) सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ हर्ट्झ राहिली आहे, ११३ गिगावॉट-तास वीज 'गायब' आहे आणि पंचवीस देशांतली अशी घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली आहेत. आपल्याकडे ज्याने काटा ४९.२ वर असताना निवांत चहा प्यायला आहे त्याला ४९.९९६ चं हसूच येईल. तरी कागदावर हिशेब मांडला. दिवसाला जेमतेम सात सेकंद. पन्नास दिवसांचे साडेतीनशे. बरोबर सहा मिनिटांच्या घरात! मुलीला तो कागद दाखवला, आणि माझी अब्रू वाचली.

वीज गायब कुठे झाली होती? आग्नेय युरोपातल्या चिमुकल्या कोसोव्होत. २००८ मध्ये कोसोव्होने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, पण तिथल्या ग्रिडचा तोल सांभाळण्याची जबाबदारी तांत्रिकदृष्ट्या सर्बियाच्या नियंत्रण क्षेत्राकडेच राहिली. उत्तर कोसोव्होतल्या चार सर्बबहुल नगरपालिकांमध्ये १९९९ च्या युद्धानंतर वीजबिल कोणी भरतच नव्हतं. त्या विजेचा भार कोणी उचलायचा, या भांडणात कोसोव्होने जास्त वीज ओढली, सर्बियाने तूट भरून दिली नाही, आणि लिस्बनपासून वॉर्सापर्यंतचे ओव्हन मागे पडले.

आता अग्रलेखाचा मुद्दा. हे भांडण युरोपला ठाऊक नव्हतं का? १९ एप्रिल २०१३ चा ब्रसेल्स करार काढून बघा. युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र प्रतिनिधी कॅथरिन अ‍ॅश्टन यांनी दोन पंतप्रधानांना समोरासमोर बसवलं. एक सर्बियाचे इवित्सा दाचिच, एकेकाळी सर्बियाचे युद्धकाळातले सत्ताधीश मिलोशेविच यांच्या पक्षाचे प्रवक्ते. दुसरे कोसोव्होचे हाशिम थाची, त्याच मिलोशेविच यांच्या फौजांशी लढलेल्या बंडखोर सेनेचे नेते. बैठकांमागून बैठका झाल्या आणि पंधरा मुद्द्यांचा करार उभा राहिला. त्यातला तेरावा मुद्दा विजेचा आणि दूरसंचाराचा आहे. चर्चा १५ जूनपर्यंत संपवायची, असं त्यात तारखेनिशी लिहिलं आहे. ऊर्जेचा समझोता सप्टेंबरमध्ये झाला. त्याच्या अंमलबजावणीचे मुद्दे ठरायला ऑगस्ट २०१५ उजाडला. कोसोव्होचं ग्रिड स्वतंत्र नियंत्रण क्षेत्र म्हणून चालू लागलं डिसेंबर २०२० मध्ये. उत्तरेतल्या वीजबिलांचा आराखडा ठरला जून २०२२ मध्ये आणि प्रत्यक्ष बिलं त्याच्याही नंतर गेली. कूर्मगती म्हणाल तर म्हणा. पण ज्या दोन देशांत चौदा वर्षांपूर्वी युद्ध संपलं होतं, त्यांनी मीटर आणि बिलांवर बोलायला बसावं, ही काही निवेदनबाजी नव्हे.

आणि हे सगळं एकमताच्या अटीत राहून झालं. स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया, स्लोवाकिया हे संघातले पाच देश कोसोव्होला देश मानतच नाहीत. तरीही स्वातंत्र्याच्या घोषणेच्या तेरा दिवस आधी, ४ फेब्रुवारी २००८ ला, कायदा-सुव्यवस्थेसाठीची 'युलेक्स' ही मोहीम संघाने मंजूर केली. सायप्रसने काय केलं? विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही, तटस्थ राहिला. मतदानात अडवायचं नाही आणि निर्णय स्वतःवर बांधूनही घ्यायचा नाही, अशी सोय संघाच्या मूळ करारात आहे. पुढे याच वादात मध्यस्थ कोण? संघाचे तेव्हाचे परराष्ट्र प्रतिनिधी बोरेल स्पेनचे, विशेष दूत लायचाक स्लोवाकियाचे. सोयरीक जमवायला आलेल्या मामाने नवरीला ओळखच दाखवू नये, तशातला प्रकार. तरी बैठका झाल्या. १४ डिसेंबर २०२३ ला युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करण्याच्या निर्णयाच्या वेळी हंगेरीचे ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी ठराव केला, हे तर आपल्याच पानावर छापून आलं होतं. एकमताला वळसा घालायचा तर युरोपला वाट सापडते.

मग अडतं कुठे? मुलीच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं, मूळ कोसोव्होची राजधानी प्रिस्टिना इथलं. गृहस्थ इमारतींत वायरिंगचं काम करतात, त्यामुळे आमची लगेच गट्टी जमली. ओव्हनची गोष्ट सांगितली तेव्हा ते खो खो हसले. म्हणाले, आमच्यामुळे का होईना, जर्मनीला एकदा उशीर झाला. त्यांची आई प्रिस्टिनाला एकटी. तिला नातवंडं बघायला यायचं तर तेव्हा शेंगेन व्हिसा लागायचा. गंमत बघा, कोसोव्होत २००२ पासून चलन युरो. आजीच्या बटव्यात युरोच्या नोटा आणि युरोपात पाऊल टाकायला परवानगीची रांग.

व्हिसा उठवायचा तर मॉन्टेनेग्रोबरोबरची सीमा निश्चित करा, अशी अट युरोपने घातली होती. त्यावरून कोसोव्होच्या संसदेत विरोधकांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. तरी २१ मार्च २०१८ ला तो करार तिथल्या खासदारांनी मंजूर केला. आम्ही तेव्हा मुलीकडेच होतो, शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीवर धूर दिसत होता. जुलैमध्ये युरोपीय आयोगाने सगळ्या अटी पूर्ण झाल्याचा दाखला दिला. आता व्हिसा उठणार, म्हणून शेजाऱ्यांनी आईसाठी पलंग आणला. व्हिसा उठला १ जानेवारी २०२४ ला. साडेपाच वर्षं! मधल्या काळात काही सदस्य देशांना आपल्या मतदारांची भीती वाटत होती, एवढंच कारण. 'आम्ही गृहपाठ केला, मास्तर शाळेतच येईनात,' हे त्या वायरमनचं म्हणणं मला कोणत्याही अग्रलेखापेक्षा नेमकं वाटतं. (राग मानू नये.)

शेजारच्या मॅसेडोनियाचं तेच. ग्रीसची हरकत काढायची म्हणून त्यांनी देशाचं नाव बदललं, 'उत्तर मॅसेडोनिया' झाले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने वाटाघाटी रोखल्या, २०२० मध्ये बल्गेरियाने. नाव गेलं ते गेलंच.

असा व्यवहार दिसल्यावर पुढचा सौदा कोण मनापासून करील? मार्च २०२३ मध्ये उत्तर मॅसेडोनियातल्या ओह्रिदला सर्बिया आणि कोसोव्होमध्ये समझोता झाल्याचं बोरेल यांनी जाहीर केलं, पण त्यावर सही नाही. सर्बियाचे अध्यक्ष वुचिच दुसऱ्या दिवशी म्हणाले की उजवा हात फार दुखतो, आणि हे दुखणं पुढची चार वर्षं राहील. त्याच सप्टेंबरात उत्तरेत बान्स्का गावी सशस्त्र टोळीने हल्ला केला, त्यात कोसोव्होचा एक पोलीस मारला गेला.

आता एक छोटी गोष्ट, कारण मला ती युरोपच्या सगळ्या ठरावांपेक्षा मोलाची वाटते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मोटारींच्या नंबरप्लेटवरून दोन्हीकडे पोलीस आणि चिलखती गाड्या सरकू लागल्या होत्या. सर्बियाच्या प्लेटवर सर्बियाची खूण, कोसोव्होच्या प्लेटवर कोसोव्होची. सीमेवर कोण कोणाची चालवून घेणार? महिनाअखेरीस ब्रसेल्समध्ये तोडगा निघाला: पांढरं स्टिकर. सीमेवर गाडी थांबवायची, समोरच्याला खुपणाऱ्या खुणेवर स्टिकर चिकटवायचं आणि पुढे जायचं. हास्यास्पद वाटतं ना? शेजाऱ्यांच्या मेव्हण्याच्या डॅशबोर्डवर स्टिकरांचा गठ्ठाच असायचा म्हणे, पावसात ती निघून यायची. पण त्या स्टिकरामुळे नाक्यावरचे अडथळे हटले. आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या प्लेट चालवून घ्यायच्या ठरल्यावर स्टिकरंही गेली. ज्या जानेवारीत व्हिसा उठला, त्याच जानेवारीत.

शेवटी एक सुधारणा. अग्रलेखासोबतच्या नकाशात आपण कोसोव्हो सर्बियाच्याच रंगात रंगवलं आहे आणि मजकुरात 'सर्बिया व कोसोव्हो हे दोन देश' असं म्हटलं आहे. भारताने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे नकाशाबद्दल तक्रार नाही. पण एकाच पानावर दोन्ही कसं चालेल? युरोपने यावरही उपाय काढला आहे. २०१२ च्या समझोत्यानुसार प्रादेशिक बैठकांमध्ये कोसोव्होच्या नावापुढे तारका छापतात आणि खाली तळटीप देतात की या नावामुळे कोणाच्याही भूमिकेला बाध येत नाही. पुढच्या वेळी आपणही एक तारका द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त वीज अभियंता