एकांकिकेतला नाग मरतो, त्याला मरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपंचमीला आमच्या भागातल्या मुलांनी केलेल्या एकांकिकेवर आक्षेप घेणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. नागदेवता माणसाच्या प्रेमात पडते आणि शेवटी मरते, हा श्रद्धेचा अपमान आहे, असं पत्रलेखकांचं म्हणणं. आता शेवट बदला म्हणून मुलांच्या मागे लकडा लागला आहे. मी प्रयोग पाहिला आहे, म्हणून हे लिहिते.

गोष्ट मुलांनीच रचलेली. मासुंदा तलावाच्या तळाशी राहणाऱ्या नागाचा जांभळी नाक्यावर गजरे ओवणाऱ्या मुलीवर जीव जडतो. मस्तकावरचा मणी पाण्यात सोडून तो माणूस होतो. तिच्याशेजारी बसून गजरा ओवायला शिकताना सुई बोटात घुसते आणि मोगऱ्यावर रक्ताचा थेंब पडतो. तो थेंबाकडे बघतच राहतो. ती मात्र सवयीनं म्हणते, ‘बोट तोंडात घाल,’ आणि पुढची कळी उचलते. देवपण गेलं म्हणजे काय गेलं, हे तेवढ्यात कळतं. म्हातारपणी हाताच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवत तो म्हणतो, ‘आता कात टाकता येणार नाही.’ माझ्या शेजारच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी त्याला मणी परत मिळावा, असं सुचवणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: मग त्यानं तिच्यासाठी सोडलं काय?

परंपरेचं म्हणाल तर महाभारतातलं आदिपर्व उघडून बघा. नागांच्या दास्यातून आईला सोडवण्यासाठी गरुडानं आणलेलं अमृत, नाग स्नानाला गेले तेवढ्यात इंद्रानं उचलून नेलं. कलश ठेवलेले दर्भ नागांनी चाटले आणि त्यांच्या जिभा दुभंगल्या. नाग अमृताला मुकले ते तिथेच. पुढे जनमेजय राजाच्या सर्पसत्रात, म्हणजे सापांची आहुती देणाऱ्या यज्ञात, ते आगीत पडून मेले. उरलेल्यांना वाचवलं आस्तीकानं, आणि आस्तीक म्हणजे वासुकीची बहीण जरत्कारू आणि त्याच नावाचे एक ऋषी यांचा मुलगा. नाग आणि माणूस यांच्या लग्नातूनच नागकुळ तरलं! त्याच पर्वात सर्पदंशानं गेलेल्या प्रमद्वरेला तिचा वाग्दत्त वर रुरू आपलं अर्धं आयुष्य देतो. प्रेमापायी आयुष्य कमी करून घेणं आपल्या पुराणांना कधीच कमीपणाचं वाटलेलं नाही.

सूडाच्या नागिणी आपण टीव्हीवर वर्षानुवर्षं बघतो. त्यावर असं पत्र माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. पंचमीला त्या दिवशी तवा न ठेवणाऱ्या, काही न चिरणाऱ्या, नागाला भाऊ मानणाऱ्या बायकांच्या मनातला नाग या एकांकिकेतल्या नागाच्या जास्त जवळचा आहे.

कोजागिरीला पुन्हा प्रयोग होणार आहे असं ऐकते. माझी तक्रार वेगळीच आहे. मणी सोडण्याआधी नाग त्या मुलीला एका शब्दानं विचारत नाही. एवढा मोठा त्याग तिच्या नावावर पडतो आणि तिला त्यावर एकही वाक्य नाही. मुलांनी तिच्यासाठी एक प्रवेश नव्यानं लिहावा. शेवटाला मात्र हात लावू नये.

– एक वाचक, चरई, ठाणे