भीमाच्या ओठांची घडी

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या, भीमाच्या हनुवटीला आंबूस वास येतो आणि तिथले पांढरे केस तांबूस झाले आहेत, हे तुझ्या पत्रात वाचले आणि मला आमच्या शेरूचा पहिला पावसाळा आठवला. नुसता तांबूसपणा असता तर मी काही म्हटले नसते, कारण लाळेतल्या पोर्फिरिन या रंगद्रव्याने केसांना डाग पडतातच. वासाकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस.

सेंट बर्नार्डचा खालचा ओठ सैल लोंबतो, त्यामुळे सुळ्याच्या मागच्या घडीत लाळ आणि अन्नाचे कण साचतात, आणि त्या ओल्या उबेत मॅलॅसेझिया ही बुरशी व एरवी त्वचेवर निमूट राहणारे जिवाणू फोफावतात. मी तेव्हा वास जावा म्हणून ती जागा आपल्या अंगाच्या साबणाने दिवसातून चारदा धूत होतो आणि ओलीच सोडत होतो. एका सकाळी उजेडात ओठ अंगठ्याने खाली ओढला, तर घडीच्या तळाशी भाताचे एक शीत चिकटलेले होते आणि त्याखाली रुपयाएवढा लालभडक चट्टा होता. शेरू कण्हलाही नाही, नुसती मान वळवली; ते मला अजून सलते.

म्हणून माझे सांगणे एकच आहे, धुण्यापेक्षा कोरडे करण्याला जप. खाणेपिणे झाले की कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती फडक्याने घडी पूस आणि मग कोरड्या पंचाने न घासता टिपून घे. गळ्यात लाळेरे बांधलेस तर ते भिजताच बदल. पावडर लावू नकोस, तिचा लगदा होतो. झिंक ऑक्साइडचे मलम किंवा टी ट्री तेल तर मुळीच नको, कारण ते चाटून पोटात जाते आणि विषारी ठरते. डॉक्टर काचपट्टीवर नमुना घेऊन बुरशी आहे की जिवाणू हे पाहतील; आम्हाला त्यांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स दिले होते. दातही तपासून घे. लाळ एकाएकी वाढली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आणि ओठ उघडू देण्याची सवय भीमाला आत्ताच लाव, कारण तो ७० किलोंचा झाल्यावर त्याच्या मनाविरुद्ध ती घडी कोणालाही उघडता येणार नाही.

तुझा मित्र