बोटीच्या ट्रेनिंगचं टाइमटेबल भरती-ओहोटी बघून लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

देवबागला आमच्या दोन टुरिस्ट बोटी आहेत, त्यावर चार पोरं कामाला. २४ मे २०२२ ला तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हापासून आमच्या पोरांना नीट ट्रेनिंग मिळावं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली, त्यात धडकेचा दोष त्या प्रवासी बोटीचा नसला तरी अशा वेळी लोकांना लाइफ जॅकेट घालून पटकन उतरवायचं कसं हे खलाशाला यायलाच हवं ना.

म्हणजे कोर्सला आमची ना नाहीच. अडतं ते टायमिंगवर. एका संस्थेचा तीन दिवसांचा कोर्स लागला तो ऐन नाताळात, सकाळी १० ते ५. आमचा एक खलाशी दोन दिवस रोजगार बुडवून बसला, तिसऱ्या दिवशी वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर म्हणाले सर्टिफिकेट नाही, पुढच्या वेळी पहिल्यापासून तिन्ही दिवस करा. का? राहिलेला एक दिवस पुढच्या बॅचला बसवलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि प्रॅक्टिकल घड्याळ बघून कसं घेता? भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आज अकराला ओहोटी लागली तर आठवड्याने त्याच वेळेला पाणी चढत असतं. कर्ली नदीच्या संगमावर ओहोटीला पाणी कसं ओढतं, माणूस पाण्यात पडला तर इंजिनाचा पंखा त्याच्यापासून लांब राहील अशी बोट कशी वळवायची, इंजिन न्यूट्रलला कधी टाकायचं, हे भर भरतीच्या शांत पाण्यात शिकवून काय कळणार? त्या दिवसाची ओहोटी किती वाजता ते बघा आणि पोरांना त्या वेळेला बोलवा, मग ते पहाटे सहा असले तरी पोरं येतील.

थिअरीचं तर सोपं आहे. मे अखेर ते ३१ ऑगस्ट पर्यटकांच्या बोटी बंदच असतात, जून-जुलैला मासेमारी पण बंद, तेव्हा संध्याकाळी दोन-दोन तास गावातल्या शाळेत वर्ग घ्या. सीपीआर (श्वास-हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार), व्हीएचएफ म्हणजे बोटीवरच्या रेडिओचं संकटात मदत मागायचं चॅनल १६, कोस्ट गार्डचा मदतीचा १५५४ नंबर, लहान मुलाला जॅकेट घालताना पट्टा पायातून कसा घ्यायचा, याला समुद्र लागत नाही. आणि प्रॅक्टिकल सप्टेंबरात, समुद्र निवळला की, सीझन भरायच्या आधी.

राज्याच्या सागरी मंडळाने आणि ट्रेनिंग देणाऱ्यांनी या पावसाळ्यापासून एवढं करून बघावं. आमची चारही पोरं पहिल्या दिवशी हजर असतील, आणि त्यातला एक परत पहिल्यापासून बसायला पण तयार आहे.

एक बोटमालक, देवबाग, ता. मालवण