नव्या नर्सच्या फायलीत एक पान वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नर्स आहे. चार वर्षं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये काम केलं आणि या फेब्रुवारीत शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात रुजू झाले. दहा दिवस झाले असतील, पाळी चुकल्याचं लक्षात आलं. घरीच चाचणी केली, दोन रेघा उमटल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आम्ही दोघंही वाट पाहत होतो. आनंद तर झालाच, पण लगेच डोळ्यांसमोर आला भिंतीवरचा ड्यूटी चार्ट. त्या आठवड्यात माझी ड्यूटी हाडांच्या ऑपरेशन थिएटरला लागली होती.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाल्या, "तीन महिने कुणापाशी बोलायचं नाही हं." आईनेही फोनवर तेच बजावलं. त्यांचं चुकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकेलच असं सांगता येत नाही, आणि नंतर चार लोकांना उत्तरं देत बसणं फार जड जातं. पण आमच्या कामात जपायचे ते नेमके हेच तीन महिने. गर्भ राहिल्यावर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते. तोवर पुष्कळजणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. रुबेलाचा (जर्मन गोवराचा) संसर्ग बाळाला सर्वांत जास्त इजा करतो तोही याच काळात. म्हणजे जेव्हा बोलायचं नाही, तेव्हाच बोलायची गरज सर्वांत मोठी.

हाड जुळवताना थिएटरात सी-आर्म लावतात, ऑपरेशन चालू असतानाच क्ष-किरणांनी चित्र बघत राहतात. शिशाचा एप्रन घातला की धोका खूप कमी होतो. मशीनपासूनचं अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा पावावर येते. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की क्ष-किरणांजवळ काम करणाऱ्या बाईने गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या दिवसांसाठी पोटातल्या बाळासाठी किरणांच्या मात्रेची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट (मात्रा मोजायचं एकक) धरतात. ती पाळली जाते की नाही, हे कळायला मात्रा मोजणारा बॅज अंगावर हवा. एक्स-रे विभागातल्या लोकांच्या खिशाला तो होता, थिएटरच्या आम्हा नर्सना नव्हता.

पाच दिवस मी गप्प राहिले. क्ष-किरण सोडण्याआधी कुणी 'शूट' म्हटलं की काहीतरी आणायच्या निमित्ताने दाराबाहेर जायचं, आणि रात्री उशीवर डोकं ठेवलं की त्या दिवशी किती वेळा आत राहिले ते मोजायचं. सहाव्या दिवशी इनचार्ज सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं. रुजू होताना माहीत होतं का, हे त्यांनी आधी विचारलं. माहीत नव्हतं. पण समजा असतं, तरी ती नोकरी मिळायचा माझा हक्क कमी होत नव्हता, एवढं बोलायचं धैर्य तेव्हा माझ्यात नव्हतं. त्यांनी मात्र त्याच दुपारी मला मेडिसिन वॉर्डात हलवलं, आणि माझ्या नाइट ड्यूटी दोन सहकारी मैत्रिणींनी वाटून घेतल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कार्यालयात वेगळाच अनुभव आला. "प्रोबेशनमध्ये मॅटर्निटी लीव्ह नसते," असं ठामपणे सांगितलं गेलं. घरी येऊन मी कायदा वाचला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात प्रोबेशनची आडकाठी नव्हती. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत ८० दिवस काम झालेलं असावं, एवढीच अट होती, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच ठेवली आहे. मग कॅलेंडर घेऊन बसले. पाचवा आठवडा लागलेला. बाळंतपणाआधीची रजा जास्तीत जास्त ८ आठवडे. ती सगळी घेतली तरी मधे २८ आठवडे कामाचे, आठवड्याला सहा दिवस धरले तर १६८ दिवस. पहिल्या दोन मुलांसाठी २०१७ पासून मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा माझी होती, आणि मला ती नाही असं सांगून घरी पाठवलं होतं! दुसऱ्या दिवशी हिशेबाचा कागद आणि अर्ज दोन्ही दिले, पोच घेतली. पुढे कुणी वाद घातला नाही.

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांना हा लाभ ईएसआयसीकडून (कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून) मिळतो. तिथे आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी-कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. नोकरी बदलताना जुना विमा क्रमांकच पुढे चालू ठेवा, नवा काढू देऊ नका. या एका चुकीपायी माझ्या एका मैत्रिणीला खूप हेलपाटे घालावे लागले.

आता माझी मागणी. रुजू होताना मला जो लिफाफा मिळाला, त्यात गणवेश, हजेरीचं मशीन आणि उशिरा आल्यास कापायचा पगार हे सगळं होतं. प्रसूती लाभाची माहिती नेमणुकीच्या वेळीच लेखी द्यावी असं १९६१ च्या कायद्यात २०१७ पासून होतं, पण लिफाफ्यात त्याची एक ओळही नव्हती. ते पान घालाच. आणि त्याच पानावर हेही असू द्या: सी-आर्म, कॅन्सरची औषधं, गोवर-कांजिण्यांचे रुग्ण यांपासून गरोदर नर्सला लांब कसं ठेवणार, आणि हे गुपचूप सांगायचं असेल तर कुणाला सांगायचं. एकाच व्यक्तीला सांगून चार्ट बदलता आला, तर सासूबाईंचे तीन महिनेही पाळले जातील.

रुजू होताना माझी कावीळ-बी ची लस तपासली, रुबेला आणि कांजिण्यांचं कुणी विचारलं नाही. या दोन्ही लसी गरोदरपणात देता येत नाहीत, आणि घेतल्यावर किमान महिनाभर थांबावं लागतं. म्हणून हा प्रश्न पहिल्याच दिवशी प्रत्येकीला विचारायला हवा, तिला मूल हवं आहे की नाही याची चौकशी न करता. मी स्वतःची रुबेलाची तपासणी पैसे भरून केली. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस कसे गेले ते लिहवत नाही. अहवाल चांगला आला.

शिकत असताना कमलाराजा रुग्णालयात आमची प्रॅक्टिकलची पाळी असे. लेबर रूमबाहेर बसलेल्या बायकांना आम्ही जड उचलू नका, जागरण करू नका, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका, असं दिवसभर सांगायचो. तेव्हा आम्हाला शिकवणाऱ्या एक सिस्टर सातव्या महिन्यात होत्या आणि चादर ओढून रुग्णाला वर सरकवत होत्या. आम्ही विद्यार्थिनी बघत उभ्या होतो, कुणाच्याच मनात काही आलं नाही.

१ तारखेला आमच्या वॉर्डात दोन नव्या मुली रुजू होत आहेत. त्यांच्या लिफाफ्यात घालायचं पान मी हाताने लिहून मेट्रन मॅडमकडे दिलं आहे.

आपली,
एक परिचारिका
लष्कर, ग्वाल्हेर

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)