मैलभर गाड्या आणि कधीच न उच्चारलेले एक खोटे

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

रॉबर्ट झेमेकिस यांच्या चित्रपटांचा आढावा घेणारा जो लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या ‘यूज्ड कार्स’ या १९८० सालच्या चित्रपटाची बोळवण जेमतेम दीड ओळीत झाली आहे. हा फसवणुकीचे कौतुक करणारा आचरट विनोदपट असून दिग्दर्शकाच्या उमेदवारीच्या काळातली ती एक चूक होती, असे लेखकाचे म्हणणे दिसते. आचरटपणाविषयी माझा वाद नाही. मुलांना शेजारी बसवून पाहावा असा हा चित्रपट नाही आणि अमेरिकेतही त्याला ‘आर’ श्रेणीचेच प्रमाणपत्र मिळाले होते. फसवणुकीच्या कौतुकाचा आरोप मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि हा चित्रपट अनेकदा पाहिलेला प्रेक्षक या नात्याने त्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

कथानक थोडक्यात असे. अ‍ॅरिझोनातल्या एका रस्त्याच्या दोन बाजूंना रॉय आणि ल्यूक या जुळ्या भावांचे जुन्या गाड्या विकण्याचे धंदे आहेत. दोन्ही भूमिका जॅक वॉर्डन यांनीच केल्या आहेत. ल्यूकच्या ‘न्यू डील’ या डबघाईला आलेल्या धंद्यात रूडी रूसो (कर्ट रसेल) हा पट्टीचा विक्रेता नोकरीला असून त्याला राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवायची आहे आणि त्यासाठी दहा हजार डॉलर हवे आहेत. नव्या महामार्गामुळे रॉयची जागा जाणार असल्याने त्याचा भावाच्या जागेवर डोळा असतो. हृदयविकार असलेल्या भावाला तो आपल्या माणसाकरवी भरधाव गाडीत असा काही हादरवून सोडतो की त्यातच ल्यूकचा अंत होतो. जागा रॉयच्या घशात जाऊ नये म्हणून रूडी आणि त्याचे सहकारी मृत मालकाला एका एड्सेल गाडीत बसवून आवारातच पुरतात आणि मालक मायामीला विश्रांतीसाठी गेल्याचे जगाला सांगतात. (एड्सेल ही फोर्ड कंपनीने १९५७ साली मोठा गाजावाजा करून आणलेली आणि दोनच वर्षांत बंद करावी लागलेली गाडी; नेमकी हीच गाडी शवपेटी म्हणून निवडण्यात झेमेकिस आणि त्यांचे सहलेखक बॉब गेल यांची जाण दिसते.)

चित्रपट सुरू होतो तोच गाडीचा मीटर मागे फिरवण्याच्या दृश्याने. रूडी गाडीत शिरून शांतपणे, रोजचे काम करावे तसा, मैलांचे आकडे कमी करत असतो. त्याच्या चेहऱ्यावर चोरीची धास्ती नाही की खोडकर हसूही नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत मीटर फिरवणे १९७२ च्या संघराज्यीय कायद्याने बेकायदा ठरले होते. त्यानंतर आठ वर्षांनी आलेला चित्रपट तेच कृत्य या धंद्यातली सकाळची झाडलोट असावी तसे दाखवतो. पुढे हाच रूडी मासे धरण्याच्या गळाला डॉलरची नोट अडकवून समोरच्या आवारातले गिऱ्हाईक आपल्या दारात ओढून आणतो. ‘गिऱ्हाईक गळाला लावणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार इथे अक्षरशः डोळ्यांसमोर घडतो. टोबी नावाचा कुत्रा तर गाडी चालवून पाहणाऱ्या कुटुंबापुढे चिरडल्याचे सोंग घेतो आणि अपराधाच्या ओझ्याखाली ती माणसे गाडी विकत घेऊन जातात. मी प्रत्येक वेळी या प्रसंगाला मोठ्याने हसलो आहे आणि प्रत्येक वेळी हसून झाल्यावर मला त्या कुटुंबाचे वाईट वाटले आहे. ज्या चित्रपटाला केवळ फसवणुकीचे कौतुक करायचे असते, तो प्रेक्षकाला दुसरी भावना होऊ देत नाही.

मूळ मुद्दा न्यायालयातल्या प्रसंगाचा आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. ल्यूकची मुलगी बार्बरा वडिलांच्या शोधात येते, धंद्याची सूत्रे हाती घेते आणि दूरदर्शनवर एक साधी, सरळ जाहिरात करते. रॉय त्या जाहिरातीत फेरफार करवतो आणि तिच्या तोंडी आवारात मैलभर लांब गाड्यांची रांग असल्याचा दावा घालून तिच्यावर खोट्या जाहिरातीचा खटला भरवतो. आता हे नीट पाहावे, ही माझी वाचकांना विनंती आहे. या आवारात मीटर फिरवले गेले, गळ टाकले गेले, कुत्र्याकरवी माणसे नाडली गेली, एक मृतदेह लपवला गेला. यातली एकही गोष्ट न्यायाधीशासमोर येत नाही. न्यायाधीशासमोर येते ते फक्त एक वाक्य, जे सगळ्यांत प्रामाणिक व्यक्तीच्या तोंडी दुसऱ्याने घातलेले आहे आणि ज्याने एकाही गिऱ्हाइकाचे नुकसान झालेले नाही. कायद्याला मोजता येते ते खोटे आणि गिऱ्हाइकाला बुडवणारे खोटे यांतले हे अंतर इतक्या स्वच्छपणे मांडणारा दुसरा विनोदी चित्रपट मी पाहिलेला नाही.

आणि ही निव्वळ पडद्यावरची कल्पना नव्हती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने १९८१ साली असा नियम तयार केला की जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरने, गाडीतले जे मोठे दोष त्याला ठाऊक असतील, ते खिडकीवर चिकटवलेल्या कागदावर लिहावेत. मे १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो नियम फेटाळला. काँग्रेसला असा नकाराधिकार वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवले. तरीही १९८४ मध्ये जाहीर होऊन पुढच्या वर्षी लागू झालेल्या नियमातून ठाऊक असलेले दोष सांगण्याची अट गळालीच. खिडकीवर कागद आला, गाडी वॉरंटीसह आहे की ‘आहे त्या स्थितीत’ हे त्यावर छापून आले, पण विक्रेत्याच्या मनातली गोष्ट त्याच्या मनातच राहिली. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमकी हीच गाठ सोडवून दाखवली होती: दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगली गाडी असणारा माणूस योग्य भाव न मिळाल्याने बाजूला होतो आणि उरतो तो खराब माल. २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारामागे हे विवेचन होते. ‘न्यू डील’च्या आवारात उभ्या असलेल्या खटारा गाड्यांकडे पाहताना मला त्या निबंधाची आठवण होते.

नग्नतेबद्दल मी पळवाट काढणार नाही. फुटबॉल सामन्याचे प्रक्षेपण मध्येच ताब्यात घेऊन केलेल्या जाहिरातीत मॉडेलचा पोशाख बॉनेटवरच्या चिन्हात अडकून फाटतो आणि दुसऱ्या दिवशी आवारात गिऱ्हाइकांची रीघ लागते. इथवर चित्रपटाला काही सांगायचे आहे, कारण गिऱ्हाईक काय पाहून येते हे तो लपवत नाही. पुढे मात्र नर्तकींचा जो प्रकार येतो तो लांबतो, आणि त्या स्त्रियांना एक धड वाक्यही न देता केवळ देखावा म्हणून वापरले जाते. हे मला तेव्हाही खटकले आणि आजही खटकते.

अखेरीचा भाग पाहिल्याशिवाय मात्र कोणी निकाल देऊ नये. दावा खरा ठरवण्यासाठी रूडी राजकारणासाठी साठवलेला पैसा काढतो आणि त्यातून अडीचशे गाड्या विकत घेतो. गाडी शिकणाऱ्या तितक्याच मुलांच्या हाती त्या देऊन तो वाळवंटातून धुरळा उडवत त्यांना वेळेत आवारात आणायला निघतो. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रिचर्ड निक्सन यांच्या विरोधकांनी त्यांचे छायाचित्र छापून ‘या माणसाकडून तुम्ही जुनी गाडी घ्याल का?’ असे विचारलेल्या देशात, जुन्या गाड्या विकणारा माणूस उमेदवारीची पुंजी एक जाहिरात खरी करण्यासाठी उधळतो, याचा अर्थ लेखकाने लावून पाहायला हवा होता. जेफ या सहकाऱ्याची लाल गाडीविषयीची भीती पहिल्या जाहिरातीत गोंधळ घालते आणि या धावपळीत त्याच्यावरच लाल गाडी चालवण्याची वेळ येते. सुरुवातीला टाकलेला धागा शेवटी असा ओढून घेण्याचे कसब झेमेकिस आणि त्यांचे सहलेखक बॉब गेल यांनी पाच वर्षांनी ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये जगाला दाखवले, आणि आपल्या लेखात त्या चित्रपटाची योग्य ती वाखाणणी आहे. ते कसब या ‘चुकी’त आधीच तयार झाले होते.

स्टीव्हन स्पिलबर्ग कार्यकारी निर्माते असूनही हा चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही. त्याचा चाहतावर्ग पुढे हळूहळू तयार झाला. लेखकाने तो पुन्हा पाहावा, निदान न्यायालयाच्या प्रसंगापासून पुढे गाड्यांची रांग मोजली जाईपर्यंतचा भाग तरी पाहावा, आणि मग या चित्रपटाविषयी पुरवणीत स्वतंत्रपणे लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक